जुन्या यांत्रिक कळफलकांतील स्विच-बदल

जुन्या कळफलकातील कळींखालचे स्विच उघडून त्यांचा स्पर्श, आवाज किंवा दाब बदलण्याचा छंद (→ कळफलक, टंकलेखन यंत्र). जपानच्या आल्प्स कंपनीचे स्विच हे त्याचे ठळक उदाहरण; ॲपलच्या १९८७ मधील एक्स्टेंडेड कीबोर्डमध्ये ते होते. धातूच्या पाटीवर बसवलेला चेरी कंपनीचा एमएक्स स्विच उघडण्यापूर्वी बहुधा डाख सोडवावा लागतो. आल्प्स स्विचचे टोपण मात्र खाचांतून सोडवले की जागेवरच निघते. आत सरकणारा दांडा, स्प्रिंग आणि वाकवलेली पातळ पत्ती असते. टिकटिक करणारी पत्ती काढून फक्त अडथळा देणारी बसवली, तर आवाज जातो, पण कळ दाबल्याची जाणीव टिकते. पत्तीच काढली, तर कळ सलग खाली जाते.

अशा बदलाने वस्तूचे ऐतिहासिक मूळपण नष्ट होते, हा आक्षेप सरसकट लागू पडत नाही. मूळ पत्ती जपून ठेवल्यास ती पुन्हा बसवता येते. स्विचमध्ये घातलेल्या वंगणाबाबत मात्र हा आक्षेप ग्राह्य आहे, कारण ओलसर वंगण धूळ धरते आणि पूर्णपणे पुसून निघत नाही. म्हणून बदल उलटवता येतो की नाही, हाच येथे जतनाचा योग्य निकष ठरतो (→ वस्तुसंग्रह).