छत्र, निधी आणि हक्क : तंजावर-कुंभकोणम परिसरातील अपंगांच्या सांभाळाचा इतिहास

तंजावरच्या मराठी राज्याचा विचार करताना आपल्या अभ्यासकांचे लक्ष प्रायः सरस्वती महाल ग्रंथालय, तेथील नाट्यवाङ्मय, बृहदीश्वर मंदिरातील भोसले वंशचरित्राचा शिलालेख आणि संगीतपरंपरा यांकडे वेधले जाते. हे स्वाभाविक आहे. तथापि या राज्याला ज्या गोष्टीसाठी त्याच्या काळात सर्वदूर नावलौकिक होता, ती गोष्ट म्हणजे त्याची धर्मादाय व्यवस्था. तिचा एकच पैलू प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. आजारी, अंध, पंगू अशा, स्वतःच्या बळावर पुढे जाऊ न शकणाऱ्या माणसाचा सांभाळ या प्रदेशात कोण करीत होते आणि त्यासाठी लागणारा पैसा कोठून येत होता, हे दोन प्रश्न एकत्र ठेवून विचारले तर दोनशे वर्षांचा एक सलग इतिहास हाती लागतो, आणि आजच्या व्यवस्थेकडे पाहण्याची दृष्टीही मिळते.

१. क्षेत्र आणि वाट

कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले क्षेत्र. दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वणीला येथे लक्षावधी यात्रेकरू लोटतात. यापूर्वीची पर्वणी २०१६ साली झाली. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावर घेतल्यानंतर हा सारा सुपीक मुलूख मराठी राज्यात आला. मोडी लिहिणारे कारकून, हिशेबनीस, पुराणिक आणि कीर्तनकार यांची घराणी तंजावरप्रमाणेच कुंभकोणमातही स्थिरावली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते याच गावी.

या मुलखाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातून जाणारी रामेश्वराची वाट. काशी-रामेश्वर यात्रा करणारा मनुष्य महिनोन्‌महिने पायी चालत असे. त्या प्रवासात ताप, सर्पदंश, पायाची दुखापत, डोळ्यांचे विकार आणि वृद्धत्व या अडचणी नित्याच्याच होत्या. घरापासून शेकडो कोस दूर असलेल्या माणसाचे शरीर थकले की त्याला ना कुटुंबाचा आधार, ना गावकीचा. जो आधार कुटुंबाने द्यावयाचा तो वाटेवर कोणी द्यावा, या गरजेतून छत्र ही संस्था वाढली.

अपंगांना देवस्थानाच्या निधीतून वृत्ती देण्याची रीत तमिळ प्रदेशात मराठ्यांच्याही आधीची आहे. तिरुवामात्तूर येथील चोळकालीन शिलालेखात देवापुढे तेवारम गाणाऱ्या अंध गायकांची आणि त्यांना वाट दाखविणाऱ्या डोळस सहायकांची तरतूद केलेली आढळते. सहायकाच्या वेतनाचाही विचार त्यात झाला होता, ही बाब विशेष ध्यानात घ्यावयास हवी. अंध मनुष्य येथे भिक्षेकरी म्हणून येत नाही. सेवेकरी म्हणून येतो, आणि त्याची सेवा शक्य व्हावी म्हणून लागणारा खर्चही निधीच सोसतो.

२. सरफोजींचे पत्र

तंजावरच्या छत्रांविषयी सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणजे दुसरे सरफोजी यांनी १८०१ साली कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन यास लिहिलेले पत्र. त्याची पार्श्वभूमी राजकीय आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि वसुलातील पाचवा हिस्सा एवढेच उरले. अशा वेळी छत्रांना लावून दिलेल्या जमिनी कंपनीने खालसा करू नयेत, ही राजाची मुख्य चिंता होती. म्हणजेच हे पत्र केवळ दानधर्माचे वर्णन करीत नाही. धर्मादाय निधी वाचविण्यासाठी केलेला तो युक्तिवाद आहे.

त्या पत्रावरून छत्रांची रीत स्पष्ट होते. ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व वाटसरूंना, तसेच जोगी, जंगम व बैरागी यांना शिजविलेला भात मिळे. जे शिजविलेले घेत नसत त्यांना कोरा शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, अशी हाक दिली जाई. रोग, सूज आणि विषबाधा यांवर उपचार करणारे वैद्य नेमलेले असत. आजारी वाटसरूस औषध आणि पथ्याचे अन्न बरे होईपर्यंत दिले जाई. बाळंतिणीचा खर्च छत्र सोशी आणि प्रसूतीनंतर तीन महिने तिला राहू देई. परक्या मुलखातील अनाथ मुले पंतोजीच्या हाती सोपवून त्यांचे अन्न, वस्त्र, औषध, शिक्षण आणि शेवटी लग्नकार्यही निधीतून होत असे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातील एक कलम कळीचे आहे. सबळ कारणामुळे ज्यास पुढचा प्रवास करता येत नाही, त्यास गरज असेल तोवर छत्रात राहून अन्न घेण्याची मुभा होती. येथे मुदत दिवसांत मोजलेली नाही. ती माणसाच्या अवस्थेने ठरते. शिवाय अपंग असा वेगळा वर्ग पत्रात कल्पिलेला नाही. चालू न शकणारा, पाहू न शकणारा, नुकतीच बाळंत झालेली, आजारी, पोरका, हे सर्व एकाच छपराखाली एकाच निधीतून पोसले जात. अपंगत्व ही येथे कोणाची कायमची ओळख नाही. ती वाटसरूवर येणारी एक अवस्था आहे.

ही उदारता तिच्या मर्यादांसह पाहिली पाहिजे. अन्न सर्वांना असले, तरी शिजविलेले आणि कोरे हा भेद जातिव्यवस्थेच्या चौकटीतूनच आलेला होता, आणि चार वेदांचे अध्यापन सर्वांसाठी खुले नव्हते. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी होती. छत्रातील वाटसरूस मिळे ते राजाच्या पुण्याचे फळ होते. त्याचा त्यावर हक्क नव्हता. निधी बंद झाला असता तर त्याने दाद कोठे मागावी, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते. ते मागणे राजालाच करावे लागले, आणि तेही परक्या सत्तेकडे.

३. निधीची घडण

बहुतेक मोठी छत्रे राजघराण्यातील स्त्रियांच्या नावाने उभी राहिली. कुंभकोणमच्या दक्षिणेस नीडामंगलम येथील यमुनांबा छत्र आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरफोजींनी ओरत्तनाडू येथे उभारलेले मुक्तांबा छत्र ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत. छत्राला गावे आणि जमिनी लावून दिलेल्या असत; त्यांच्या धान्यरूपी उत्पन्नावर स्वयंपाकघर, वैद्य, पंतोजी आणि नोकरचाकर चालत. जेवण भाताचे आणि उत्पन्नही भाताचेच, यामुळे बाजारभाव चढला तरी छत्राचे ताट सहसा रिकामे राहत नसे. खर्चाची मंजुरी दरसाल कोणाकडे मागावी लागत नसे, हे या रचनेचे खरे बळ.

मुक्तांबा छत्रात याच रचनेवर शाळा आणि रुग्णसेवा यांची जोड दिसते. तंजावरात सरफोजींच्या धन्वंतरी महालात देशी वैद्यांच्या ज्ञानाबरोबर पाश्चात्त्य वैद्यकाचाही अभ्यास चाले. सरस्वती महालात जतन झालेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्यांसोबतची डोळ्यांची रंगीत चित्रे आधुनिक नेत्रवैद्यांनी अभ्यासली आहेत. त्यांत मोतीबिंदूसारख्या विकारांचे आणि उपचारांचे वर्णन आहे. राजाने स्वतः शस्त्रक्रिया केल्या की आपल्या देखरेखीखाली करविल्या, हा वाद येथे गौण आहे. अंधत्व हे सोसावयाचे प्राक्तन न मानता नोंद करून, चित्र काढून, उपचार करून पाहण्याचा विषय मानला गेला, हे या कागदांचे महत्त्व. सांभाळाच्या कल्पनेत येथे एक नवे पाऊल पडले : अन्नाबरोबर दृष्टी परत देण्याचा प्रयत्न.

४. निधीचे स्थलांतर

१८५५ साली दुसरे शिवाजी पुत्रसंतानावाचून निवर्तले आणि राज्य संपले. छत्रे मात्र संपली नाहीत. त्यांचा कारभार सरकारकडे आणि पुढे स्थानिक निधी मंडळांकडे व जिल्हा बोर्डाकडे गेला. त्यांच्या उत्पन्नाचा ओघ अन्नछत्राकडून शाळा, वसतिगृहे आणि दवाखाने यांकडे वळू लागला. तिरुवैयारू येथे १८८१ साली निघालेली संस्कृत पाठशाळा छत्राच्याच निधीवर उभी राहिली. ओरत्तनाडूच्या शाळांची परंपराही त्याच निधीशी जोडलेली आहे.

शिक्षणासाठी झालेला हा वापर गैर म्हणता येणार नाही. पण रेल्वे आल्यावर पायी यात्रेकरू घटले, आणि वाटसरू घटला म्हणून छत्राची गरज सरली असे मानले गेले. छत्रात राहणारा अशक्त, अंध किंवा पंगू मनुष्य वाटसरू या सदरात मोडत असल्यामुळे त्याचे सदर पुसले गेले तेव्हा तोही हिशेबातून नाहीसा झाला. नाव नसल्याचा तोटा येथे उघड होतो. याच काळात सांभाळाची कल्पनाही बदलत होती. कुंभकोणमच्या माधवरावांनी त्रावणकोरात (१८५८-७२) आणि बडोद्यात (१८७५-८२) जो कारभार घडविला त्यात आरोग्य आणि शिक्षण ही सरकारी खात्यांची कामे झाली. ज्यांचे पूर्वज छत्रांच्या मुलखात कारकुनी करीत होते, त्यांच्याच पिढीने धर्मादायाचे रूपांतर खात्यात केले.

अपंगांना सरकारी यादीत वेगळे स्थान मिळाले ते दुष्काळामुळे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर तयार झालेल्या दुष्काळसंहितांनी मोफत मदतीस पात्र लोकांत अंध, पंगू आणि दुर्बल यांची गणना केली. मात्र निकष होता श्रमाची अक्षमता. जो खडी फोडू शकत नाही तो मोफत धान्यास पात्र. तिरुवामात्तूरच्या अंध गायकाची ओळख त्याच्या कामावरून होती. दुष्काळसंहितेतील अंधाची ओळख काम न करता येण्यावरून झाली. विसाव्या शतकातील निराधार वेतनाच्या योजनांवर या निकषाची छाया दीर्घकाळ राहिली. दरम्यान वसाहतकाळात आणि नंतरही कुष्ठरोगामुळे हातपाय गमावलेल्यांची सेवा मुख्यतः मिशनरी संस्थांनी केली. कुंभकोणमलगतच्या साक्कोट्टै येथील सेक्रेड हार्ट कुष्ठसेवा केंद्र हे त्याचे जवळचे उदाहरण.

५. हक्क आणि तरतूद

स्वतंत्र भारतात चित्र पालटले ते कायद्याने. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने समान संधी आणि शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के राखीव जागा दिल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, राखीव जागा ४ टक्के केल्या आणि सामाजिक सुरक्षेच्या योजनांत इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक साहाय्य देण्याचे तत्त्व घातले. मात्र हे साहाय्य सरकारच्या आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत, अशी मेखही त्याच कलमात आहे. तमिळनाडूत या वर्गाला मातृत्तिरनाळी, म्हणजे वेगळ्या क्षमतेचे लोक, असे संबोधन रूढ झाले. सेवा गावपातळीवर पोहोचविण्याच्या तेथील ‘राइट्स’ प्रकल्पास जागतिक बँकेने २०२२ साली कर्जमंजुरी दिली.

कुंभकोणमला या प्रश्नाची दाहक बाजूही ठाऊक आहे. १६ जुलै २००४ रोजी तेथील शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. वाचलेल्या जखमी मुलांना भाजल्याच्या खुणा आणि व्यंगे घेऊन पुढचे आयुष्य काढावे लागले, आणि भरपाईचा प्रश्न कित्येक वर्षे मद्रास उच्च न्यायालयापुढे राहिला. एकरकमी भरपाई ही झालेल्या हानीची किंमत असते. वाढत्या मुलाला वर्षानुवर्षे लागणारे उपचार, शिक्षण आणि सोबत यांसाठी निराळी, अखंड चालणारी तरतूद लागते. गरज असेल तोवर, ही सरफोजींच्या पत्रातील मुदत अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही.

६. समारोप

वरील विवेचनावरून दोन व्यवस्थांचे गुणदोष समोरासमोर ठेवता येतात. छत्रव्यवस्थेत निधी जमिनीत रुजलेला होता, पण लाभार्थ्याला नाव नव्हते आणि हक्क नव्हता. म्हणून निधीची दिशा बदलली तेव्हा तक्रार करावयास कोणी उरले नाही. आजच्या व्यवस्थेत लाभार्थ्याला नाव आहे, प्रमाणपत्र आहे, न्यायालयात जाण्याचा अधिकार आहे. पण निधी दरसालच्या अंदाजपत्रकावर, किंवा मुदत असलेल्या प्रकल्पावर अवलंबून आहे. पहिलीत पैसा टिकाऊ आणि हक्क अनुपस्थित, दुसरीत हक्क टिकाऊ आणि पैसा अनिश्चित.

तंजावरच्या छत्रांच्या जमिनींचा कारभार आजही जिल्हा प्रशासनाकडे आहे. त्या निधीचा मूळ हेतू काय होता, हे सांगणारे मोडी कागद सरस्वती महालात व इतरत्र आहेत, आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील बऱ्याच कागदांचे तमिळ भाषांतर केले आहे. मराठीच्या अभ्यासकांनी हे कागद केवळ भाषेचे नमुने म्हणून न वाचता लोककल्याणाच्या अर्थकारणाचे दस्तऐवज म्हणून वाचावयास हवेत. कोणत्या गावाचे किती धान्य कोणत्या ताटासाठी लावले होते, हे त्यांतून निश्चित झाले तर छत्रांच्या उत्पन्नाचा काही भाग दिव्यांगांच्या सेवेसाठी कायमचा राखून ठेवावा, या मागणीला इतिहासाचा भक्कम आधार मिळेल.