संगणकावरील भौतिकशास्त्र

विद्यादानाचें साधन पालटलें कीं विद्याही आपोआप सुलभ होते, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. आंतरजालाच्या आजच्या काळींही तो कायम आहे. तो कितपत खरा, हें पाहावयाचें असल्यास विद्यापीठांतील आरंभींच्या भौतिकशास्त्राच्या पाठांचा अमेरिकेंत घडलेला इतिहास आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो.

संगणकाकडून शिकविण्याचा उद्योग तसा जुना आहे. १९६० सालीं इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर यांनीं 'प्लेटो' नांवाची योजना उभारली. पुढें तिच्यावर भौतिकशास्त्राचेही पाठ दिले गेले. परंतु विद्यार्थ्याला नेमकें काय कळत नाहीं, या मूळ प्रश्नाकडे अध्यापकवर्गाचें लक्ष वेधलें तें बऱ्याच उशिरां. १९८५ सालीं इब्राहिम हलून व डेव्हिड हेस्टनीज यांनीं बल व गति यांविषयींची एक साधी प्रश्नावली विद्यार्थ्यांपुढें ठेवून तिचे निकाल प्रसिद्ध केले. ते वाचून हार्वर्डचे एरिक मेझर यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस तसलेच प्रश्न घातले. अवजड मालमोटार व लहान मोटार एकमेकींवर आदळल्या, तर कोणतीनें कोणतीवर अधिक बल लावलें, अशा धर्तीचे ते प्रश्न होते. दोन्ही बलें समानच असतात, हें न्यूटनचें वचन मुखोद्गत असणारे व कठीण उदाहरणें लीलेनें सोडविणारे तरुणही येथें अडखळले. सूत्रें पाठ होतीं. अर्थ हातीं लागला नव्हता.

१९९८ सालीं रिचर्ड हेक यांनीं ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे असे निकाल एकत्र ताडून पाहिले. जेवढी सुधारणा शक्य होती, तिचा चतुर्थांशही केवळ व्याख्यानें ऐकणाऱ्या वर्गांना सरासरीनें गांठतां आला नाहीं. जेथें विद्यार्थी स्वतः तर्क व वाद करीत होते, तेथें तें प्रमाण निम्म्याच्या जवळ पोंचलें. तेव्हां व्याख्यान जसेंच्या तसें आंतरजालावर चढविलें, तर तें दूरवर पोंचेल, पण त्याचा मूळचा दोषही त्याच्याबरोबर जाईल, हें उघड आहे.

हा धडा ज्यांनीं मनावर घेतला, त्यांत कार्ल वीमन यांचें नांव प्रमुख आहे. २००१ सालीं नोबेल पारितोषिक मिळाल्यावर, दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं कोलोराडो विद्यापीठांत 'फेट' नामक आभासी प्रयोगांची योजना सुरू केली. तिची रीत लक्षांत घेण्याजोगी आहे. प्रयोग तयार झाला कीं तो एकेका विद्यार्थ्यापुढें ठेवावयाचा, त्याला मनांतले विचार मोठ्यानें बोलावयास सांगावयाचें, आणि जेथें त्याची समजूत चुकेल तेथें प्रयोगच सुधारावयाचा. दिव्यांतून गेल्यावर वीजप्रवाह कांहींसा खर्ची पडतो, हा नवशिक्यांचा नेहमींचा भ्रम. येथें तारेंतील इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसतात, आणि दिव्याच्या अलीकडे व पलीकडे ते सारख्याच वेगानें चालतात, हें विद्यार्थी स्वतः पाहतो. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत, याच आभासी साधनांवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनीं पुढें खऱ्या तारा व दिवे जोडण्यांतही, खऱ्या साधनांवर शिकलेल्यांस मागें टाकलें. यावरून प्रयोगशाळांना कुलुपें लावावीं असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. अदृश्य तें दृश्य केल्याचा हा गुण आहे.

पोथीला वाळवी लागते, तशी या साधनांनाही लागते. ज्या 'फ्लॅश' प्रणालीवर पुष्कळसे प्रयोग रचले होते, ती २०२० अखेर बंद पडली, आणि त्यांची नव्यानें बांधणी करणें भाग पडलें. असें काम एकदां करून संपत नाहीं.

'फेट'चे कित्येक प्रयोग आज मराठींतही विनामूल्य मिळतात, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र पडद्यावरील शब्द मराठी झाले म्हणजे काम झालें, असें नाहीं. मराठी शाळेंतून येऊन कॉलेजांत इंग्रजी ग्रंथांशीं झगडणारा मुलगा वा मुलगी सूत्रें घोकून उत्तीर्ण होते, आणि तिची शंका मनांतच राहते. ती शंका मराठींत विचारणारा व तिचें उत्तर प्रयोगाकडून काढवून घेणारा शिक्षक शेजारीं असेल, तरच या साधनांचें खरें चीज होईल.