फाळके यांची गेलेली दृष्टी आणि दृष्टिपटलातील चेतापेशी

१/ नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग मिळतात. तेथून मुंबईच्या दिशेने निघाले की पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक लागते. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि १९४४ साली नाशकातच निवर्तलेल्या या चित्रमहर्षींची दृष्टी पहिला चित्रपट काढण्यापूर्वीच गेली होती. ती परत कशी आली, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि ते झपाटले. रोज चित्रपटगृह, घरी प्रयोग, झोप जेमतेम तीन तास. अखेर डोळ्यांना दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांचे उपचार आणि तीन-चार चष्मे यांमुळे दृष्टी परतली, असे चरित्रांत येते.

३/ काही ठिकाणी या आजाराला मोतीबिंदू म्हटले आहे. मला ते पटत नाही. पिकलेला मोतीबिंदू चष्म्याने उतरत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते. मग नेमके काय बिघडले होते? शतकानंतर निदान करणे धाडसाचे ठरेल. पण काय शाबूत राहिले होते, हे मात्र सांगता येते.

४/ त्यासाठी स्पेनला जावे लागेल. १८९० च्या दशकाच्या आरंभी सांतियागो रामोन इ काहाल सूक्ष्मदर्शकाखाली दृष्टिपटलाचे पातळ काप तपासत होते. इटलीच्या गॉल्जी यांनी शोधलेल्या रंजनपद्धतीत चांदीच्या क्षारांमुळे मोजक्याच पेशी काळ्या होऊन उठून दिसत. गॉल्जी यांच्या मते चेतासंस्था म्हणजे एक अखंड जाळे. काहाल यांना मात्र सुट्या, स्वतंत्र पेशी दिसल्या : प्रकाश टिपणाऱ्या, तो संदेश पुढे देणाऱ्या आणि शेवटी गुच्छिका पेशी, ज्यांचे लांब तंतू एकत्र येऊन मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता बनते. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, आणि गॉल्जी यांनी आपल्या नोबेल व्याख्यानातही जाळ्याचाच पक्ष मांडला! काहाल हे स्वतः हौशी छायाचित्रकार. फाळके लंडनला गेले त्याच १९१२ साली काहाल यांचे रंगीत छायाचित्रणावरील पुस्तक निघाले. इकडे फाळके पूर्वी तिरंगी छपाईच्या धंद्यात होते. दोघांचीही गुजराण चांदीच्या क्षारांवर आणि माणसाच्या डोळ्यावर.

५/ एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक, गुच्छिका पेशी मात्र सुमारे दहा लाख. सारे दृश्य या अरुंद दारातून जाते. काचबिंदूत नेमक्या याच पेशी मरतात, बहुधा डोळ्यातील दाब वाढल्याने, आणि तेही रुग्णाला कळू न देता, कडेच्या दृष्टीपासून. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते, ते बदलता येते. काचबिंदूत गेलेले परत येत नाही. सस्तन प्राण्यांत मेलेल्या गुच्छिका पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्या उगवाव्यात म्हणून आजही प्रयोगशाळांत खटपट चालू आहे.

६/ म्हणून फाळके यांची दृष्टी चष्म्यांनी परतली, या एका नोंदीचे मोल मोठे. त्यांच्या चेतापेशी जिवंत होत्या. त्या मेल्या असत्या, तर १९११ साली जगातील कोणताही वैद्य त्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ पर्यंत पोहोचवू शकला नसता. चित्रपट पाहून डोळे कायमचे जातात ही समजूतही येथेच निकालात निघते. अतिश्रमाने डोळे थकतात, चेतापेशी त्याने मरत नाहीत.

७/ १९३८ साली हार्टलाइन यांनी बेडकाच्या एकेका गुच्छिका पेशीचा तंतू सोडवून तिचे विद्युत्-संकेत टिपले. काही पेशी प्रकाश सुरू होताच बोलत, काही तो विझताच, काही दोन्ही वेळी. त्यांचे लक्ष असते ते बदलाकडे. वाटाण्याचा कोंब आपल्यासमोर वाढतो, पण इतका सावकाश की डोळ्यांना तो बदल जाणवतच नाही. १९१२ साली, लंडनहून परतल्यावर, फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याची छायाचित्रे कित्येक दिवस थोडी थोडी घेतली आणि ती सलग चालवली. भांडवलदारांना दाखवण्यासाठी केलेल्या त्या इवल्या चित्रपटाचे नाव होते ‘अंकुराची वाढ’.