निवड आधी, काळजी नंतर: फौजी माणूस आणि मानसशास्त्राचा विद्यार्थी

समोर मानसशास्त्राचे बरेच विद्यार्थी दिसतायत, म्हणून तुमच्याच कामाचा विषय घेतो. पिंपरी-चिंचवड म्हटलं की आपल्याला कारखाने आठवतात. पण दापोडीला लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, देहूरोडला ऑर्डनन्स डेपो आहे, शेजारी खडकीची छावणी आहे. चाकणपर्यंत कितीतरी कंपन्यांच्या गेटवर माजी सैनिक उभे असतात. या माणसांशी बोलायला आपण शिकलोय का?

आपल्याकडे मानसशास्त्र लष्करात शिरलं ते निवडीच्या दारातून. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, देहरादूनला अधिकारी निवडण्यासाठी प्रायोगिक मंडळ बसलं. चित्र बघून गोष्ट लिहा, शब्द दिसताच मनात येईल ते लिहा, अशा चाचण्या एसएसबीत आजही घेतात. म्हणजे पहिला प्रश्न होता, 'हा माणूस आम्हाला चालेल का?' 'याला काय होतंय?' हा प्रश्न मागेच राहिला.

काळजी नव्हती असं नाही. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना हातचं कसब शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज संस्था निघाली, ती पुढे खडकीला आली. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीतच पुनर्वसन केंद्र सुरू झालं. पण भर शरीरावर आणि पोटापाण्यावर.

मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्या. ईएमईचे जवान, मूळचे बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. नोकरी केली ती पुण्याच्या टेल्कोत. खेळ, पगार, सहकारी यांनीही माणूस उभा राहतो, हे इथं शिकायचं. आणि ज्यांना पदक मिळालं नाही त्यांचं काय, हेही विचारायचं.

आता एक अडचण बघा. लष्करात प्रकृतीची प्रतवारी 'शेप' या पाच अक्षरांनी करतात. त्यातलं पहिलंच अक्षर, एस, मनाच्या प्रकृतीचं. तिथं श्रेणी उतरली की बढतीवर परिणाम होऊ शकतो. मग जवान तुमच्यासमोर गप्प बसला, तर त्याला लगेच 'सहकार्य करत नाही' असं लिहून मोकळं व्हायचं का? त्याची भीती खरी आहे. त्याचं बोलणं कुठवर गुप्त राहील, हे आधी स्पष्ट सांगा.

शिवाय 'फौजी' हा काही एकच समाज नाही. महार सैनिकांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी थांबवली. पहिल्या महायुद्धात त्यांची पलटण उभी केली, गरज संपताच मोडली. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कुठं हक्काची जागा मिळाली. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. अशा घरातल्या आजोबांसाठी वर्दीचा अर्थ वेगळा असतो. नवऱ्याच्या बदलीमागे बिहारहून किंवा केरळहून आलेल्या बाईची अडचण आणखी वेगळी. पुस्तकातली इंग्रजी प्रश्नावली तिच्यापुढे नुसती सरकवून भागत नाही.

१ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या एएफएमसीत सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलि-मानसचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. निवड मंडळानंतर तब्बल ऐंशी वर्षांनी! फोनची सोय झाली, ठीक. पण फोन उचलणारा माणूस घडवावा लागतो. म्हणून प्रशिक्षणात तीन गोष्टी हव्यातच: हुद्दा, बदली, पेन्शन यांची माहिती, समोरच्याच्या भाषेत मुलाखत घ्यायचा सराव, आणि अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली बायका, मुलं, माजी सैनिक यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम. परीक्षेत याला किती मार्क असतील ते विद्यापीठ ठरवेल. देहूरोडची लोकल मात्र रोज आहे.