ग्रंथपालाला गुरू कोण?

गवयाला घराणे असते, पैलवानाला तालीम असते, भिक्षुकाला वेदपाठशाळा असते. आमच्या पुण्यात तर अमृततुल्य चहा करणाऱ्यालाही आधी कोणा जुन्या दुकानात फडके मारावे लागते, मग किटलीला हात लावावयास मिळतो. ग्रंथपालाला मात्र गुरू कोण, असे कोणी विचारीत नाही. किल्ल्यांचा जुडगा हाती आला आणि नोंदवही पुढ्यात पडली की माणूस ग्रंथपाल झाला, अशी सर्वसाधारण समजूत. माझा बहुतेक जन्म पुस्तकांच्या कपाटांत गेला, त्यामुळे ही समजूत मी पुष्कळ वेळा ऐकली आहे. "पुस्तके काढून द्यायची आणि परत ठेवायची, त्यात शिकायचे ते काय?" हा प्रश्न मला माझ्या आत्याने विचारला, शेजाऱ्यांनी विचारला, आणि ज्या महाविद्यालयात मी नोकरी केली तेथील एका प्राचार्यांनीही विचारला. आत्याचा प्रश्न हसण्यावारी नेता आला. प्राचार्यांचा प्रश्न जड गेला, कारण मी चार दिवसांच्या एका चर्चासत्रासाठी रजा मागितली होती आणि ती नामंजूर झाली. त्यांना उत्तर द्यावयाचे तर शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगावा लागला असता, आणि तेवढी सवड त्यांना नव्हती. दिवाळीच्या सुटीत फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या वाचकांपाशी ती असते, म्हणून तो येथे सांगतो.

पुण्यातील सार्वजनिक वाचनाचा आरंभ १८४८ सालचा. पेशवाई जाऊन तीसच वर्षे झाली होती. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांच्या पुढाकाराने त्या वर्षी 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली; आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. ही लायब्ररी बुधवार वाड्यात होती. १८७९ च्या मे महिन्यात तो वाडा आगीत भस्मसात झाला, विश्रामबाग वाड्यालाही त्या आगीची झळ लागली. पुढे लायब्ररी पुन्हा उभी राहिली ती लोकांच्या हौसेवर आणि वर्गणीवर. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे, आणि पुणे मराठी ग्रंथालय १९११ चे. या सर्वांच्या मागे वकील, शिक्षक, संपादक अशी मोठी माणसे होती. त्यांनी इमारतींची काळजी केली, पुस्तकांची केली, वर्गणीदारांची तर फारच केली. पण टेबलामागे बसणाऱ्या माणसाने हे काम कोणापासून शिकावे, याचा विचार त्या काळी कोणी केल्याचे दिसत नाही.

आणि शिकण्यासारखे होते का? होते. एकच उदाहरण देतो. ज्ञानेश्वरी कोठल्या कपाटात ठेवावी? ती धर्म म्हणून ठेवली तर कविता धुंडाळणारा विद्यार्थी रित्या हाताने परत जातो. काव्य म्हणून ठेवली तर एखादे वारकरी आजोबा तिला कादंबऱ्यांच्या शेजारी पाहून दुखावतात. ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १८७६ साली जगातील सगळ्या ज्ञानाला दशांश पद्धतीने आकडे दिले, त्यात अवघ्या मराठी साहित्याच्या वाट्याला ८९१.४६ एवढी खोली आली. मुकुंदराजापासून मर्ढेकरांपर्यंत सगळे बिऱ्हाड या एका खोलीत! तीच गत नावांची. कुसुमाग्रजांची कविता 'कु'खाली लावावी की 'शि'खाली? इंग्रजी पद्धतीने आडनाव आधी घ्यावे, तर तुकारामाचे आडनाव वाचकाच्या तोंडी बसावयाचे कसे? असले प्रश्न एकट्याने बसून सुटत नाहीत. एका ग्रंथालयाने एक तोड काढावी आणि दुसऱ्याने निराळी, मग वाचकाने प्रत्येक ठिकाणी नव्याने वाट शोधावी, असा तो प्रकार. दहा ग्रंथपाल एका सतरंजीवर बसले तर निदान भांडण तरी एकाच ठिकाणी होते.

मराठी माणसाला ही सतरंजी प्रथम घातली ती बडोद्याने. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेच्या प्रवासात तेथील ग्रंथालये पाहिली, आणि पाहून नुसते कौतुक करून परत आले नाहीत. १९१० साली न्यू हेवन येथील विल्यम ॲलन्सन बोर्डेन या ग्रंथपालाला त्यांनी बडोद्यास आणले. बोर्डेनसाहेब जवळजवळ तीन वर्षे राहिले. त्यांनी संस्थानात ग्रंथालयांचे खाते उभे केले, फिरत्या पेट्यांतून खेडोपाडी पुस्तके धाडण्याची रीत घातली, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे १९११ मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग काढला. हिंदुस्थानात हे काम वर्गात बसवून शिकविण्याचा हा पहिलाच प्रसंग समजला जातो. त्यानंतर थोड्याच काळात बडोद्याहून 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक निघाले, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ते १९१९ पर्यंतच टिकले. पण आपल्या धंद्याविषयी आपल्याच भाषेत कोणी लिहितो आहे, हे मराठी ग्रंथपालाने प्रथम पाहिले ते येथे. बोर्डेन परत गेल्यावर तेथील कामाची धुरा ज्यांनी वाहिली त्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर हे होते. १९१९ साली मद्रासला अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद भरली, तिचे अध्यक्षपद याच कुडाळकरांकडे होते. ग्रंथालयाच्या कामामुळे एखाद्याला अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवितात, ही गोष्ट त्या वेळी पुण्याच्या वाचनालयांतील कारकुनांना खरीही वाटली नसेल.

मग पुणे मागे कसे राहील? परिषद भरविण्यात आमचा हात कोणी धरला नाही. १९२१ साली पुण्यात महाराष्ट्र ग्रंथालय संघ स्थापन झाला. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हा तेथेच ग्रंथालयांचीही परिषद झाली आणि देशबंधू चित्तरंजन दास तिचे अध्यक्ष होते. परिषदांत ठराव होतात, त्या ठरावांचे पुढे काय होते हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नको. पण माझ्या मते परिषदेचे खरे काम मंडपात होतच नाही. ते होते जेवणाच्या पंगतीत आणि रात्री सतरंज्या पसरल्यावर. वाळवीवर तुम्ही काय करता, पुस्तके न परतविणाऱ्या वजनदार सभासदाकडे तगादा कसा लावता, बांधणीला काय पडते, हे सगळे तेथे कळते. कोणत्याही क्रमिक पुस्तकात ते सापडावयाचे नाही.

पंगतीवाचूनही गोतावळा जमविता येतो, हे दाखविले परशुराम कृष्ण गोडे यांनी. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झाले, आणि पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखितांचा संग्रह तेथे आला. १९१९ पासून त्या हजारो पोथ्यांचे अभिरक्षक गोडे होते, ते सुमारे चार दशके. पोथ्या सांभाळणे एवढेच त्यांचे काम मानले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण त्यांनी देशोदेशींच्या विद्वानांशी पत्रव्यवहार ठेवला आणि शेकडो निबंध लिहिले. विषय तरी कसले! बायकांची नथ कोठून आली, जिलबीचा इतिहास काय, आणि दिवाळीच्या वाचकांना विशेष रुचेल असा एक, हिंदुस्थानातील दारूकामाचा १४०० पासून १९०० पर्यंतचा इतिहास. आज अंगणात भुईनळे लावताना ज्यांना त्यांच्या कुळाची चौकशी करावीशी वाटेल, त्यांची गाठ एका पुणेरी पोथ्या सांभाळणाऱ्याशीच पडेल. १९६१ साली गोडे वारले.

दुसरे नाव शंकर गणेश दाते यांचे. मराठीत आजवर कोणकोणती पुस्तके छापली गेली, असा साधा प्रश्न. पण त्याचे उत्तर एका जागी कोठेच नव्हते. दात्यांनी ते शोधण्यासाठी ग्रंथालयामागून ग्रंथालये पालथी घातली. कपाटे उघडावयाची, पुस्तक हातात घ्यावयाचे, लेखक, वर्ष, छापखाना टिपावयाचा, पुढच्या गावी जावयाचे. १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांची त्यांची विषयवार 'मराठी ग्रंथसूची' १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. महायुद्धाचे ते वर्ष. कागदाचे दुर्भिक्ष असे की मासिकांनी पाने आखडती घेतलेली, आणि हा गृहस्थ पुस्तकांच्या नावांचे पुस्तक छापतो आहे! १९३८ ते १९५० या काळाचा पुढचा भाग यावयास १९६१ साल उजाडले. मला त्या सूचीत एक निराळीच गोष्ट दिसते. गावोगावच्या ग्रंथालयांतील माणसांनी या मनुष्याला आत घेतले, किल्ल्या दिल्या, जुन्या गठ्ठ्यांवरची धूळ झटकून दिली, तेव्हा ती सूची झाली. ज्या ग्रंथपालांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, त्यांनी एकमेकांना न भेटता केलेले हे एक संमेलनच होते.

सरकार या कामात उतरले ते १९३९ मध्ये. मुंबई सरकारने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभागीय, मग जिल्हा, तालुका, आणि शेवटी खेडे, अशी उतरंड तिने आखून दिली. युद्धामुळे योजना काही वर्षे दप्तरात पडली. स्वातंत्र्याच्या सुमारास ती हलली आणि पुण्याला विभागीय ग्रंथालय मिळाले. त्याने पुढे विश्रामबाग वाड्यात बस्तान ठोकले. १८७९ च्या आगीत ज्याला झळ बसली होती, तोच हा वाडा. अनुदान आले की मागोमाग अटी येतात, हिशेब येतात, तपासनीस येतो; आणि तपासनीस आला की शिकलेल्या माणसाची किंमत कळते. मुंबईत ग्रंथालय संघाचे आणि विद्यापीठाचे वर्ग १९४४ च्या आगेमागे सुरू झाले होते. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघाले, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. तेथे ग्रंथालयशास्त्राचा पदविकावर्ग १९५८ मध्ये सुरू झाला.

येथे रंगनाथन यांची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गणिताचा हा प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि थोड्याच दिवसांत कंटाळला. बोलावयास माणूस नाही, करावयास काम नाही. मला माझे गणित परत द्या, म्हणून तो वरिष्ठांकडे गेला. वरिष्ठांनी सांगितले, आधी इंग्लंडला जाऊन ये, मग पाहू. लंडनला सेयर्स नावाचा गुरू भेटला, शंभराहून अधिक ग्रंथालये पाहून झाली, आणि परत आला तो हिंदुस्थानातल्या ग्रंथालयशास्त्राचा जनक होऊन. त्यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस आता ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या मद्रासच्या वरिष्ठांनी रजा नाकारली असती तर? आमच्या प्राचार्यांना हे सांगावयास हवे होते, असे पुष्कळदा मनात येते.

१९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. कोल्हापूर संस्थानाने तो १९४५ मध्येच केला होता, हेही नोंदून ठेवतो. नव्या कायद्याने ग्रंथालय संचालनालय आले, अ, ब, क, ड असे वर्ग आले, अनुदानाची घडी बसली. आज राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. पण 'ड' वर्गाच्या वाचनालयातील ग्रंथपालाचे मानधन पाहिले की त्याला ग्रंथपाल म्हणावे की दाता, असा प्रश्न पडतो. एस. टी. चे भाडे खिशातून घालून वर्गाला यावे, एवढी ऐपत त्या मानधनात नाही. तरी माणसे येतात.

मधल्या काळात 'जाळे' हा शब्द मोठ्या दिमाखाने आमच्या धंद्यात आला. १९९२ मध्ये पुणे विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-डॅक यांनी मिळून 'पुणेनेट' उभारले. शहरातील ग्रंथालये संगणकाने जोडावयाची, कोणाकडे कोणते नियतकालिक येते ते सर्वांना दिसावे, म्हणजे तेच महागडे नियतकालिक चार ठिकाणी घ्यावे लागू नये, हा हेतू. दात्यांनी जे पायी केले ते तारेने करावयाचे. त्या कामाने माझ्या पिढीतील अनेकांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर संगणकापुढे बसविले. शिकविणारी मुले आमच्या मुलांच्या वयाची असत. पण त्या वर्गांत मी खरा शिकलो ते शेजारच्या खुर्चीवरील बाईंकडून. त्यांनी आपल्या ग्रंथालयाच्या जुन्या तालिकेतील चुकांची स्वतंत्र वही ठेवली होती आणि मला ती आठ दिवस घरी नेऊ दिली.

अजूनही जिल्हा ग्रंथालय संघाच्या वर्गांना मी कधीमधी बोलायला जातो. समोर निम्म्याहून अधिक बायका असतात. गेल्या खेपेस भोरकडच्या एका ताईंनी विचारले, दिवाळी अंक पुस्तक म्हणून दाखल करावयाचे की नियतकालिक म्हणून? पुस्तक म्हटले तर पुढे मोजदादीत द्यावे लागते, नियतकालिक म्हटले तर वर्षाने रद्दीत जाते, आणि सभासद तर त्यासाठी वेगळी वर्गणी भरतात. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनचा हा पेच आहे. मी माझे मत सांगितले. मागच्या बाकावरच्या दुसऱ्या ताईंना ते पटले नाही. चहाची वेळ टळून गेली तरी दोघींचा वाद चालू होता, आणि निघताना त्यांनी एकमेकींचे फोन नंबर लिहून घेतले.