मीठदाणीतली मावशी

अमेरिकेतली गुलामी १८६५ साली कायद्यानं संपली. पुस्तकात तसं आहे, आणि पुस्तक खोटं नाही. पण दोस्तहो, मला त्या देशाचं स्वयंपाकघर बघायचंय.

१८८२ साली बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीनं एका बिडाच्या गल्ल्याचं पेटंट घेतलं. काळ्या माणसाचं छातीपर्यंतचं धड, जाड लाल ओठ. तळहातावर नाणं ठेवायचं, मागचा खटका दाबायचा. हात वर जातो, नाणं तोंडात पडतं, डोळे गरगर फिरतात. त्याच्या नावातच शिवी होती, ती मी इथं लिहीत नाही. गोऱ्यांची पोरं यावर बचत शिकली. आणि काय शिकली ते सांगायला पायजे का?

मग मीठदाण्या, बिस्किटांच्या बरण्या. त्यांच्यावर एकच बाई : जाडजूड, डोक्याला फडकं, सदा हसरी. तिला ‘मॅमी’ म्हणत. तिला भूक नाही, नवरा नाही, स्वतःची लेकरं नाहीत. गोऱ्यांची लेकरं सांभाळण्यातच धन्य! गुलाम विकत घ्यायची ऐपत बहुतेक गोऱ्यांची कधीच नव्हती. चिनीमातीची मॅमी मात्र कुणालाही परवडायची. मालकी संपली म्हणता म्हणता ती घरोघर पोचली.

यातलीच ‘आंट जेमिमा’. पॅनकेकच्या तयार पिठाचा हा छाप १८८९ साली मिसूरीत निघाला. १८९३ च्या शिकागोच्या जत्रेत कंपनीनं नॅन्सी ग्रीन या बाईला जेमिमा म्हणून उभं केलं. ती केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेली. तिनं पॅनकेक भाजायचे आणि मळ्यावरच्या जुन्या सुखी दिवसांच्या गोष्टी सांगायच्या. कुणाच्या सुखाच्या? १९२३ साली ती मोटारीच्या अपघातात मेली. तिच्या कबरीवर नावाचा दगड लागायला २०२० उजाडलं. पाकिटावरची जेमिमा २०२१ साली गेली.

‘आंट’ म्हणजे मावशी-आत्या. पण हे नातं नव्हे. काळ्या बाईला ‘मिसेस’ म्हणायचं नाही, म्हणून आंट. बाप्याला ‘मिस्टर’ नाही, म्हणून अंकल. आपल्याकडं पिकल्या केसांच्या म्हाताऱ्याला सवर्णाचं शेंबडं पोरगं ‘ए म्हाद्या’ म्हणायचं. तिथं जरा साखर लावलेली, एवढंच.

आता याच वस्तू ‘अँटिक’ म्हणून विकल्या जातात. फोडून टाका म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. फोडल्यावर पुरावा कुठून आणणार? डेव्हिड पिल्ग्रिम या काळ्या समाजशास्त्रज्ञानं पोरवयात मोबाइल शहरच्या बाजारात अशी एक वस्तू पैसे देऊन घेतली आणि तिथंच आपटून फोडली. पुढं तोच माणूस त्या जमवत राहिला. मिशिगनच्या फेरिस स्टेट विद्यापीठातलं जिम क्रो संग्रहालय त्याच्या साठ्यातून उभं राहिलं.

बेटी सार या काळ्या चित्रकर्तीनं १९७२ साली दुसरा रस्ता काढला. तिनं मॅमीची एक बाहुली पेटीत उभी केली. एका हातातला झाडू तसाच ठेवला, दुसऱ्यात बंदूक दिली. त्याच साली इकडं मुंबईत दलित पँथर निघाली, तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.