धोटा, रूळ आणि चिप

सेमीकंडक्टरचा विषय निघाला की आपले बरेच कार्यकर्ते मान फिरवतात. हिंगोलीचा माणूस हळदीचा न् सोयाबीनचा भाव बघणार, त्याचा चिपशी काय संबंध, असं म्हणतात. शहरात शिकलेली काही मुलं उलटं सांगतात: नवं तंत्रज्ञान आहे, यंत्राला जात कळत नाही, इथे फक्त गुणवत्ता चालते. दोघांनीही इतिहास बाजूला ठेवलाय. यंत्राला जात कळत नाही हे खरंच आहे. पण यंत्रापाशी कोणाला उभं करायचं हे यंत्र ठरवत नाही.

मुंबईच्या कापडगिरण्या म्हणजे त्या काळचं सर्वात नवं तंत्रज्ञान. गिरणीत विणकाम खात्याची मजुरी जास्त, आणि नेमकं तिथेच अस्पृश्य कामगाराला दार बंद. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा वापरणार? म्हणून आपली माणसं कताईच्या कमी पगाराच्या खात्यात. लँकेशायरचं यंत्र गिरणीच्या ज्या दारातून आत आलं, त्याच दारातून गावकुसाची रेघही आत आली. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी विणकाम खातं खुलं करण्याची मागणी लावून धरली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच यादीत घेतली. मालक म्हणाले, हा अन्याय आम्ही केलेला नाही. लाल बावट्याला जे दिसलं नाही आणि मालकाला जे सोयीचं होतं, ते एकच होतं.

रेल्वेतही वेगळं काही नव्हतं. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंच्या उल्लेखासाठी ते भाषण आपल्याकडे प्रत्येक वक्ता आठवतो. त्याच भाषणात बाबासाहेबांनी कामाचा जो हिशेब मांडला, तो मात्र कोणी सांगत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि त्याच्या घरात आपला माणूस चालत नाही. रूळ टाकायला चालतो, स्टेशनात चालत नाही!

हे पाहिलेला माणूस 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाला. त्याच वर्षी त्यांनी सरकारला निवेदन दिलं. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचं फारसं भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण द्या, त्यासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या द्या, असा त्याचा आशय. आज आपली मुलं जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतात ती 1944 मध्ये सुरू झाली. विजेच्या नियोजनासाठी केंद्रीय तांत्रिक मंडळ याच काळात त्यांच्या खात्याने उभं केलं. बाबासाहेब म्हणजे फक्त संविधान, असं मानणाऱ्यांनी ही चार वर्षं जरूर वाचावीत. 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघालं, त्यामागेही हाच विचार होता. निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या आपल्या मराठवाड्यात तेव्हा महाविद्यालयं होती तरी किती?

आता चिपकडे येऊ. भारताने चिप बनवायला काल सुरुवात केलेली नाही. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सला 1976 मध्ये मंजुरी मिळाली, 1984 मध्ये उत्पादन सुरू झालं, 1989 मध्ये तिथे आग लागली आणि आपण दशकांनी मागे गेलो. कारखाना सरकारी होता, म्हणून तिथे आरक्षण लागू होतं. हा मुद्दा धरून ठेवा.

डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने चिपसाठी 76,000 कोटींची योजना जाहीर केली. या वेळी कारखाने खासगी आहेत. साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प घ्या: खर्च सुमारे 22,516 कोटी, त्यातले 50 टक्के केंद्र देणार, 20 टक्के गुजरात सरकार देणार. थेट नोकऱ्या सांगितल्या 5,000. म्हणजे एका नोकरीमागे साडेचार कोटींची गुंतवणूक, आणि शंभरातले सत्तर रुपये जनतेचे. काडेपेटी विकत घेणारी हिंगोलीची मजूर बाईसुद्धा कर भरते. पण कंपनी खासगी, म्हणून आरक्षण शून्य. मालकांचं 1928 चं उत्तर आजही तसंच चालतं.

सप्टेंबर 2022 मध्ये वेदांता-फॉक्सकॉन तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! लाख नोकऱ्या गेल्या, मराठी तरुणाचा घास गेला. त्या लाखात आपले किती असते, हे एकाही पक्षाने विचारलं नाही. पुढे जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतलं, ती गोष्ट वेगळी.

मग स्टार्टअप? चिपचा कारखाना काढायला हजारो कोटी लागतात, पण चिपचा आराखडा करायला डोकं, संगणक आणि महागडी सॉफ्टवेअर लागतात. जगातल्या चिप आराखडा करणाऱ्या अभियंत्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा भारतीय आहे असं मानलं जातं. म्हणजे आपल्या मुलांनी शिरायचं दार हेच. सॉफ्टवेअर मिळावीत म्हणून सी-डॅकने चिपइन केंद्र काढलंय, ते चांगलंच आहे. पण सरकारची आराखडा-प्रोत्साहन योजना 15 कोटींपर्यंत निम्मा खर्च देते तो परतावा म्हणून. आधी पदरचं घाला, मग मिळेल. पदर कोणाचा? अनुसूचित जातीच्या तरुणांसाठी 2020 मध्ये बाबासाहेबांच्या नावाने नवउद्यम योजना आली, तिच्यात तीन वर्षांत 30 लाख मिळतात. 15 कोटी कुठे आणि 30 लाख कुठे, पन्नास पटींचं अंतर आहे.

आणि हिंगोलीचं काय? औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभी राहतेय. एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी मंजूर झाले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, लेसर, आणि तो प्रकाश टिपणारे सेमीकंडक्टरचे शोधक. आणि हा प्रकल्प सरकारी आहे, अणुऊर्जा खात्याचा. आरक्षण तिथे लागू आहे. पण कंत्राटदारामार्फत भरती झाली की ते कागदावर राहतं. म्हणून आतापासून माहितीच्या अधिकारात विचारायला हवं: कायम पदं किती, कंत्राटी किती, तंत्रज्ञ किती आणि पहारेकरी किती? जिल्ह्यातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना प्रशिक्षणाच्या किती जागा? अर्जाची फी दहा रुपये आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही माफ आहे.